हायब्रिड मोटारीचे सर्व्हिसिंग : अनावश्यक खर्च कसा टाळाल?

पेट्रोलची बचत व्हावी म्हणून घेतलेल्या हायब्रिड मोटारीची बचत सर्व्हिसिंगच्या बिलात निघून जाऊ शकते. ‘हायब्रिड आहे, जास्त काळजी घ्यावी लागते’ असे सांगितले की ग्राहक निमूटपणे सही करतो. प्रत्यक्षात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट ही नेहमीचीच कामे येथेही असतात.

काही खर्च तर कमीच होतो. वेग कमी करताना विद्युत मोटर जनित्राचे काम करते आणि वीज बॅटरीत साठवते. त्यामुळे ब्रेक पॅड कमी झिजतात. ते बदलण्यापूर्वी उरलेली जाडी दाखवण्यास सांगावे. टोयोटाच्या हायब्रिड यंत्रणेत अल्टरनेटर आणि त्याचा पट्टाही नसतो.

मोटारीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील देखभालीचा तक्ता हाच खरा आधार होय. इंजिन फ्लशिंगसारखे काम त्यात नसेल, तर ते नाकारता येते. टोयोटा भारतात हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत वॉरंटी देते. ती टिकवण्यासाठी तक्त्यातील कामे वेळेवर करून घ्यावीत व बिले जपून ठेवावीत.

जॉबकार्डवर सही करण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक घ्यावे. परवानगीशिवाय जादा काम करू नये, असे त्यावर नमूद करावे. बदललेले सुटे भाग परत मागावेत.

बॅटरीला हवा पुरवणाऱ्या जाळीची सफाई मात्र टाळू नये. नारिंगी रंगाच्या केबलमध्ये उच्च दाबाची वीज असते. ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे. तेथे काटकसर नको.