सरफोजीराजांचे केसपेपर

तंजावूरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांना नेत्रवैद्यकात विलक्षण रस. त्यांच्या काळच्या ४४ नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. रुग्णाची तक्रार, उपचार, नंतरचा फरक आणि सोबत डोळ्यांची हाताने काढलेली चित्रं! इतकी काळजी आजही दुर्मीळ.

आता डोळ्यांचा डॉक्टर व्हायला एमबीबीएसनंतर नेत्रविभागात एमएसची तीन वर्षं. निवासी डॉक्टर बकऱ्याच्या डोळ्यावर टाके घालून हात बसवतात, मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली मोतीबिंदू काढतात. प्रत्येक शस्त्रक्रिया लॉगबुकात चढते. पुढे स्वतंत्र दवाखान्यात चुका दाखवायला वरिष्ठ शेजारी नसतात. तिथे चूक कळते ती रुग्णाला आलेल्या फरकावरूनच. म्हणून सरफोजींच्या नोंदींसारखं लॉगबुकातही शस्त्रक्रियांच्या आकड्याबरोबर रुग्णाला महिन्याभराने किती दिसलं, हेही लिहायला लावलं पाहिजे.