कॉम्प्युटर बीप करतोय? आधी मोजा, मग उघडा

रविवारी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला, ‘‘अगं, जरा येतेस का? कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये. नुसता ओरडतोय.’’

काकू गेली ६ वर्षं घरून डबे देतात. कोणाचे किती डबे झाले, कोणाचे पैसे बाकी आहेत, हा सगळा हिशोब त्या कॉम्प्युटरमध्ये. त्यातच काकांनी निवृत्तीनंतर दुपार दुपार बसून स्कॅन केलेले घरातले जुने फोटो. काका आता नाहीत.

मी गेले तेव्हा काकू खुर्चीत बसून होत्या. दुरुस्तीवाल्याला फोन करून झाला होता. त्याने मशीन न बघताच सांगितलं होतं, ‘‘विंडोज उडालं असेल. फॉरमॅट मारावा लागेल, १,५०० रुपये होतील.’’

‘‘फॉरमॅट म्हणजे फोटो जातील ना गं?’’ काकूंनी विचारलं.

फॉरमॅट केल्यावर फोटो जातातच. पण बीप करणाऱ्या आणि पडद्यावर काहीच न दाखवणाऱ्या कॉम्प्युटरला फॉरमॅटची गरज जवळजवळ कधीच नसते. हे माहीत नसल्यामुळे किती घरांतले फोटो आणि हिशोब विनाकारण पुसले गेले असतील कोण जाणे.

बीप म्हणजे काय?

आपण बटण दाबतो तेव्हा विंडोज लगेच सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरच्या एका चिपमधला बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि घराची हजेरी घेतो. प्रोसेसर आहे का? रॅम आहे का? चित्र दाखवणारा भाग आहे का? या तपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात, म्हणजे पॉवर ऑन सेल्फ टेस्ट. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला, त्यातही ती होती.

आता गंमत बघा. हजेरीत एखादा गैरहजर निघाला तर ते सांगायचं कसं? पडदा तर अजून सुरूच झालेला नाही. म्हणून कॅबिनेटमधल्या छोट्याशा स्पीकरमधून आवाज काढून सांगायचं. बीप म्हणजे कॉम्प्युटरने दिलेली तक्रार, आणि ती बऱ्यापैकी नेमकी असते.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हार्ड डिस्क किंवा एसएसडी वाचण्याची पाळी या हजेरीनंतर येते. विंडोज तिथेच असतं, फोटोही तिथेच असतात. म्हणजे बीप करून अडलेला कॉम्प्युटर फोटोंपर्यंत पोहोचलेलाच नसतो. फोटो बहुतेक वेळा जिथल्या तिथे सुखरूप असतात.

आवाज नेमका कुठून येतोय?

हसू नका, पण पहिला प्रश्न हाच. आपल्याकडे बऱ्याच डेस्कटॉपला यूपीएस असतो आणि त्याची बॅटरी म्हातारी झाली की तोही बीप करतो. टेबलाखाली वाकून कान लावा. आवाज यूपीएसमधून येत असेल तर कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीच्या प्लगमध्ये लावून बघा. सुरू झाला तर दोष यूपीएसचा, आणि हा लेख इथेच सोडलात तरी चालेल.

दुसरा साधा संशयित म्हणजे कीबोर्ड. त्यावर पुस्तक ठेवलं गेलं किंवा चहा सांडून एखादं बटण चिकटून बसलं तरी मशीन ओरडू शकतं. कीबोर्ड काढून एकदा सुरू करून बघायला काही खर्च नाही.

आता मोजा

आवाज कॅबिनेटमधूनच येत असेल तर घाईने काही उघडू नका. मोबाइलवर अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करा. मग शांतपणे ऐका. किती लांब, किती आखूड, मध्ये किती थांबतो आणि पुन्हा तेच सुरू होतं का, हे कागदावर लिहून ठेवा. काकूंकडे होतं ते असं : एक लांब, दोन आखूड, थोडं थांबून पुन्हा तेच.

एकच आखूड बीप येऊन पडद्यावर चित्र आलं तर सगळं ठीक आहे. बाकी खुणांचा अर्थ मात्र सगळ्या कॉम्प्युटरमध्ये एकच नसतो आणि इथेच लोक फसतात. एक लांब, दोन आखूड हीच खूण घ्या. जुन्या ‘अवॉर्ड’ बायोसमध्ये तिचा अर्थ चित्र दाखवणाऱ्या भागात बिघाड. असूसच्या अनेक मदरबोर्डमध्ये तिचाच अर्थ रॅम सापडत नाही. ‘एएमआय’ बायोसच्या जुन्या यादीत ३ बीप म्हणजे मेमरी, ५ म्हणजे प्रोसेसर आणि ८ म्हणजे डिस्प्लेची मेमरी. डेल आणि एचपीचे तयार डेस्कटॉप स्वतःची वेगळी भाषा बोलतात. त्यात आवाजाबरोबर पुढचा दिवाही लुकलुकतो, तोही मोजायचा असतो.

म्हणून आधी आपल्या मशीनचं नाव शोधा. कंपनीचा तयार डेस्कटॉप असेल तर मॉडेल कॅबिनेटच्या मागे किंवा बाजूला चिकटवलेलं असतं. जोडून घेतलेला असेल तर मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघा. पुस्तिका हरवली असेल तर बोर्डवर छापलेलं नाव वाचून ती कंपनीच्या साइटवरून मोबाइलवर उतरवता येते. काकांनी सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये लावून ठेवली होती. बिल, पुस्तिका, अगदी कॅबिनेटच्या स्क्रूची पुडीसुद्धा. पुस्तिकेत आमच्या खुणेपुढे लिहिलं होतं : मेमरी सापडली नाही.

खोडरबर घेऊन या

मेमरी म्हणजे रॅम, बोटभर रुंदीची हिरवी किंवा काळी पट्टी. बीपची तक्रार बहुतेक वेळा हिच्याबद्दलच असते आणि दर वेळी ती खराब झालेली असते असंही नाही. तिच्या कडेला सोनेरी रेघा असतात, डीडीआर ४ प्रकारच्या पट्टीवर एकूण २८८. त्या स्लॉटमध्ये नीट टेकल्या नाहीत की बोर्डला पट्टी दिसतच नाही. धूळ, पावसाळ्यातली दमट हवा, घर बदलताना बसलेला हिसका, एवढं कारण पुरतं. कोकणात, मुंबईत, चेन्नईत, कोलकात्यात हा त्रास जास्त जाणवतो.

भिंतीचं बटण बंद करा, वायर काढा आणि मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा आणि बाजूचं झाकण काढा. आतल्या वस्तूंना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. कोरड्या हवेत, विशेषतः विदर्भाच्या किंवा उत्तरेकडच्या हिवाळ्यात, सिंथेटिक कपड्यांमुळे अंगात साठलेली स्थिर वीज चिपला मारू शकते. गालिचावर उभं राहून हे काम करू नका.

स्लॉटच्या टोकाची क्लिप बाहेर ढकलली की पट्टी वर येते. काही बोर्डांवर क्लिप एकाच टोकाला असते, तिथे दुसरं टोक ओढत बसू नका. पट्टी कडेने धरा. पांढऱ्या मऊ खोडरबराने सोनेरी रेघा हळूच पुसा. दोन्ही बाजू. जोर लावायचा नाही, काजळ पुसल्यासारखं. खोडरबराचा भुगा कॅबिनेटपासून दूर झटका, तो स्लॉटमध्ये पडला तर नवा घोळ. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर त्यात किंचित भिजवलेलं सुती कापड आणखी चांगलं. पाणी, अत्तर, घरातलं क्लीनर यांपैकी काही नको. स्लॉटमधली धूळ कोऱ्या, कोरड्या, मऊ ब्रशने काढा. तोंडाने फुंकर घालायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, पण थुंकीचे बारीक कण आत जातात.

बसवताना पट्टीची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ दाबा. ‘टक’ असा आवाज येऊन क्लिप आपोआप बंद झाली पाहिजे. नवखे लोक घाबरून अर्धवट दाबतात आणि मग म्हणतात, ‘‘साफ केली तरी बीप येतेच!’’

काकूंच्या मशीनमध्ये ४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही पुसून बसवल्या, बटण दाबलं. पुन्हा एक लांब, दोन आखूड. काकूंनी डोळे मिटले. आता दुसरा उपाय, एका वेळी एकच पट्टी. दर वेळी वायर काढून, हे विसरू नका. पहिली पट्टी लावली, बीप. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, बीप. ती बाजूला ठेवून दुसरी लावली, तर एक छोटी बीप झाली आणि पडदा उजळला. डेस्कटॉपवर काकांनी ठेवलेलं कोयनेच्या धरणाचं चित्र आलं. काकू काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा टाकला.

रॅम नसेल तर?

खूण चित्राच्या भागाकडे बोट दाखवत असेल तर ग्राफिक्स कार्ड याच पद्धतीने काढून, पुसून पुन्हा बसवा. त्याला वेगळी वायर लागत असेल तर ती घट्ट आहे का बघा. तुमच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय असेल तर कार्ड काढून मॉनिटरची वायर थेट बोर्डला लावून तपासता येतं. चित्र आलं, तर दोष कार्डात.

सुरू होताना घड्याळ जुन्या तारखेवर जात असेल आणि एफ वन दाबा असं पडद्यावर येत असेल, तर बोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय. बहुतेक बोर्डांवर तो सीआर २०३२ असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

नव्या बोर्डांत बऱ्याचदा स्पीकरच नसतो, त्यामुळे बीप नाही म्हणजे बिघाड नाही असं समजू नका. त्याऐवजी कोपऱ्यात छोटे दिवे असतात आणि त्यांच्याशेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए असं छापलेलं असतं. जो दिवा पेटून राहतो, त्याची तक्रार. मात्र डीडीआर ५ च्या नव्या मशीनमध्ये रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा धीर धरा.

आणि कुठे थांबायचं? प्रोसेसरची खूण आली, जळका वास आला किंवा बोर्डवरचे छोटे डबे फुगलेले दिसले, तर झाकण लावून जाणकाराला बोलवा. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा तो चौकोनी डबा, कधीच उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात जिवावर बेतेल इतकी वीज साठलेली असू शकते. मशीन वॉरंटीत असेल तरी आधी कंपनीला फोन करा.

दुरुस्तीवाल्याला बोलावताना ‘कॉम्प्युटर बंद पडलाय’ एवढंच सांगू नका. मॉडेल सांगा, बीपचं रेकॉर्डिंग पाठवा आणि ‘‘मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही’’ हे स्पष्ट बजावा. मशीन दुकानात न्यायचंच झालं तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवता येते. बीप शोधायला तिची गरज नसते.

चहा होईपर्यंत मी फोटो आणि डब्यांचा हिशोब पेनड्राइव्हवर उतरवत होते. मग आणखी एक प्रत काकूंच्या मुलाला पाठवली. ४ जीबीवर मशीन रखडत चालत होतं, पण चालत होतं. रॅमवर बऱ्याच कंपन्या कित्येक वर्षांची वॉरंटी देतात, म्हणून मी फाइल पुन्हा उघडली. बिलावरची तारीख पाहिली तर वॉरंटी शिल्लक होती. खराब पट्टी बदलून आली ती तीन आठवड्यांनी, आणि ती काकूंनी स्वतः बसवली.