उपवासकाळ : वारज्याच्या वस्तीतून

ख्रिस्ती माणसाचा सण म्हटला की आपल्याकडे नाताळ तेवढा आठवतो. केकची चौकशी वर्गातले मित्र नोव्हेंबरपासूनच करू लागतात. परंतु फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मी महाविद्यालयात आलो की, ‘काय रे, घरी काही झाले का?’ असा प्रश्न हमखास येतो. घरी काही झालेले नसते. उपवासकाळ सुरू झालेला असतो. नाताळ हा आमचा लोकप्रिय सण खरा; पण धर्मग्राम म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर नाताळात येऊ नये, या चाळीस दिवसांत यावे. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम हिशेब. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, याचे पुष्कळांना नवल वाटते. वास्तविक आपल्या माणसांना त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण हा हिशेब चंद्राचा आहे. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, तो ईस्टर. इसवी सन ३२५ मधील निकेया येथील धर्मसभेपासून ईस्टर रविवारीच पाळायचा हे पक्के झाले. त्यामुळे आमचा पवित्र सप्ताह कधी होळीच्या, तर कधी हनुमान जयंतीच्या शेजारी येऊन बसतो. २०२३ साली पवित्र गुरुवार आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, ६ एप्रिलला होती. २०२४ साली २४ मार्चला सकाळी आम्ही झावळ्या घेऊन मिरवणूक काढली आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या सोसायटीत होळी पेटली. ईस्टरपासून मागे मोजत गेले की राखेचा बुधवार येतो. मधले दिवस भरतात सेहेचाळीस. पण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही, म्हणून सहा रविवार वजा करून चाळीस. येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण.

बुधवारची राख विकत आणलेली नसते. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या घरोघर क्रूसामागे खोचून ठेवलेल्या असतात. त्या वर्षभरात वाळून पिवळ्या पडतात. बुधवारच्या आधीच्या आठवड्यात त्या परत मागवल्या जातात आणि जाळून त्यांची राख होते. माणूस मातीचा आहे आणि मातीस मिळणार आहे, या अर्थाचे शब्द उच्चारून धर्मगुरू ती कपाळाला लावतात. २०२१ साली, कोविडच्या दिवसांत, रोमहून सूचना आली होती की शब्द एकदाच सर्वांसाठी म्हणावेत आणि राख न बोलता डोक्यावर टाकावी. म्हाताऱ्या मंडळींना ते काही रुचले नाही. राख बोटाने टेकवलेली हवी, असे त्यांचे म्हणणे.

आता उपवासाविषयी. ‘तुमच्या उपवासाला साबुदाणा चालतो का?’ हा आमच्या शेजारणीचा लाडका प्रश्न आहे. चालतो, पण चालण्या-न चालण्याचा मुद्दाच निराळा. हिंदू घरातल्या उपवासात धान्य वर्ज्य आणि फराळाचे जिन्नस ठरलेले. आमच्याकडे भात-भाकरी वर्ज्य नाही. मांस वर्ज्य, आणि मुख्य म्हणजे मोजमाप कमी. नियमाप्रमाणे राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोनच दिवशी कडक उपवास आहे : एक वेळ पोटभर, आणि बाकीचे दोन वेळचे खाणे मिळून एका जेवणाइतके होता कामा नये. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत हा नियम. चौदा वर्षांवरील सर्वांना शुक्रवारी मांसत्याग. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्यात अगदीच लागू पडत नाही असे नव्हे. शुक्रवारी मासे चालतात, आणि मटणाऐवजी पापलेट तळून उपवास पाळल्याचे समाधान मिळवणारी घरे मी पाहिली आहेत.

परंतु खरा पेच पापलेटाचा नाही. वारज्यात, माळवाडी आणि रामनगरच्या बाजूला, आमच्यापैकी कित्येक कुटुंबे हातावर पोट असलेली आहेत. बांधकामावर जाणारे गवंडी, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया, रिक्षावाले. आजारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि अंगमेहनतीचे काम करणारे यांना उपवासातून सूट आहे. गंमत अशी की ज्यांना सूट आहे तेच सर्वांत कडक पाळतात. उत्तम शुक्रवारची सुट्टी कचेऱ्यांना असते, भांड्यांना नसते. उलट सुट्टीच्या दिवशी घरी माणसे असतात, म्हणून भांडी जास्त पडतात. त्या दिवशी दुपारच्या तीनच्या उपासनेला पोचण्यासाठी पहाटे पाचला निघून, काही न खाता चारही घरची कामे उरकणाऱ्या एका मावशींना मी विचारले होते, ‘सूट आहे ना तुम्हांला?’ त्या म्हणाल्या, ‘सूट पोटाला हाय, मनाला कुठं हाय?’ यावर मला काही बोलता आले नाही.

येथे आमच्या धर्मग्रामाची घडण सांगितली पाहिजे. पुण्यात कॅथलिक मंडळी काही कालपरवा आलेली नाहीत. पेशव्यांच्या सैन्यातील ख्रिस्ती शिपाई-अधिकाऱ्यांसाठी सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली पुण्यातले पहिले कॅथलिक प्रार्थनामंदिर उभे राहिले. तेच आजचे क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च. पुढे कॅम्पात १८५० साली आयरिश सैनिकांचे सेंट पॅट्रिक्स झाले आणि १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. म्हणजे जुने कॅथलिक पुणे पूर्वेकडचे : नाना पेठ, कॅम्प, खडकी, वानवडी. वारजे १९९७ पर्यंत महापालिकेच्या हद्दीबाहेरचे खेडे होते. मुठेकाठी शेते, ओढे आणि थोडी घरे. हद्दवाढ झाली, बाह्यवळण महामार्ग आला, आणि भराभर इमारती उठल्या. त्या इमारतींबरोबर आम्ही आलो.

आम्ही म्हणजे कोण? माझे आईवडील श्रीरामपूर तालुक्यातले. त्या बाजूच्या ख्रिस्ती वस्त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन जेझुइटांच्या मिशनमधून वाढल्या. ‘निरोप्या’ हे मराठी मासिक त्याच मिशनमधील केंदळ गावी फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली सुरू केले, आणि तेच डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. आमच्या शेजारी गोव्याचे निवृत्त लष्करी गृहस्थ, वरच्या मजल्यावर मंगळूरकडचे बँकवाले, समोर केरळची परिचारिका, पलीकडच्या गल्लीत तमीळ कुटुंब, आणि वसईहून नोकरीला आलेली दोन तरुण मुले. रविवारी एका छताखाली बसतो, पण मिस्सा संपली की जो तो आपापल्या भाषेच्या घोळक्यात. इंग्रजी मिस्सेला येणारे मराठी मिस्सेच्या लोकांना वर्ष वर्ष ओळखत नाहीत. कटू आहे, पण खरे आहे : ज्यांच्या घरी मावशी भांडी घासतात त्यांतली दोन घरे आमच्याच धर्मग्रामातली आहेत, आणि मावशीही त्याच धर्मग्रामातल्या आहेत, हे त्या घरांना फार उशिरा कळले.

हे कळले ते क्रुसाच्या वाटेमुळे. क्रुसाची वाट म्हणजे येशूच्या मृत्युदंडापासून त्याला कबरेत ठेवेपर्यंतचे चौदा टप्पे. जेरुसलेमला जाऊ न शकणाऱ्यांसाठी फ्रान्सिस्कन साधूंनी ही भक्ती युरोपभर पसरवली आणि १७३१ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी टप्प्यांची संख्या चौदा ठरवून दिली. चर्चच्या भिंतींवर चौदा चित्रे असतात आणि दर शुक्रवारी लोक एकेका चित्रापुढे थांबत, गुडघे टेकत पुढे जातात. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी ठरले की उपवासकाळातील शुक्रवारची वाट भिंतीवरून काढून गल्लीत न्यायची. एका शुक्रवारी एक वस्ती, चौदा घरे, चौदा उंबरठे.

प्रथम पुष्कळ कुरकुर झाली. संध्याकाळी सात वाजता महामार्गाच्या सेवारस्त्यावरून पायी कोण जाणार? वस्तीत गाड्या कुठे लावायच्या? प्रश्न अगदीच गैर नव्हते. पहिल्या शुक्रवारी तीसेक माणसे आली. धर्मग्रामातल्याच एका सुताराने सागाच्या दोन फळ्यांचा क्रूस केला होता. तो एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत त्या घरच्या माणसाने वाहायचा, अशी पद्धत ठरली. टप्पा कोणी वाचायचा? ज्याचे घर त्याने, आणि ज्याची जी भाषा तिच्यात. पाचव्या टप्प्यावर कुरेनेकर शिमोन येतो. शेतावरून घरी चाललेला हा वाटसरू. शिपायांनी त्याला धरून येशूचा क्रूस उचलायला लावला. तो टप्पा एका गवंड्याच्या पत्र्याच्या खोलीपुढे आला. त्याने अडखळत चार ओळी वाचल्या, क्रूस उचलला, आणि पुढच्या दाराशी तो निवृत्त लष्करी गृहस्थांच्या खांद्यावर दिला. एवढेच घडले. परंतु त्यानंतर ते गृहस्थ रविवारी त्या गवंड्याला नावाने हाक मारू लागले.

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की एरवी वस्तीतली माणसे चर्चमध्ये पाहुण्यासारखी, मागच्या बाकावर बसतात. शुक्रवारी ती यजमान असतात. दाराशी रांगोळी, पाटावर पांढरा कापडी रुमाल, त्यावर क्रूस आणि दोन मेणबत्त्या, आणि मोटारीतून आलेल्या मंडळींनी चपला कुठे काढायच्या हे तेथली आजी सांगते. गाणी मराठीच असतात. पेटी, ढोलकी, टाळ. रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट होते, तरी त्यांची भजने आम्ही निःसंकोच गातो, आणि मल्याळी परिचारिकेलाही आता ती पाठ झाली आहेत. एका वर्षी आमचा ध्वनिक्षेपक बंद पडला तेव्हा शेजारच्या गणेश मंडळाने आपला आणून दिला. मराठी भक्तीशी आमचे नाते तसे जुने आहे. फादर स्टीफन्सनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले, आणि २००९ ते २०२३ या काळात पुण्याचे बिशप असलेल्या थॉमस डाबरे यांनी आपला प्रबंध तुकारामांवर लिहिला.

उपवासातून वाचलेल्या पैशाचे काय? तो आपला राहत नाही, हा उपवासकाळाचा दुसरा अर्धा भाग. तो नसेल तर ती नुसती पथ्यावरची माणसे. बुधवारी प्रत्येक घरी पुठ्ठ्याची लहान पेटी दिली जाते. चहा सोडला, सिनेमा सोडला, मटण सोडले, की तेवढे पैसे पेटीत. काही भाग कारितास इंडिया या १९६२ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या मोहिमेसाठी जातो, काही धर्मग्रामातल्या मदतीसाठी राहतो. या दुसऱ्या भागावरून आमच्याकडे एकदा चांगलीच खडाजंगी झाली. ईस्टरला गरजू कुटुंबांना वेदीसमोर बोलावून धान्याची पाकिटे द्यावीत, छायाचित्रे काढावीत, म्हणजे देणाऱ्यांना हुरूप येईल, अशी सूचना आली. सभेत थोडा वेळ माना डोलल्या. मग मागून त्याच मावशी उठल्या आणि म्हणाल्या की, पेटी माझ्या घरी पण हाय. मी पण तीत टाकते. मग मला देणाऱ्यांच्यात बसवणार की घेणाऱ्यांच्यात?

सूचना तेथेच पडली. आता पेट्या परत येतात त्या सारख्याच दिसतात, कोणावरही नाव नसते. मदत पोचवायचे काम सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीची माणसे करतात. फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने आपल्या सोबत्यांसह १८३३ साली पॅरिसमध्ये ही संस्था काढली, आणि घरी जाऊन भेटणे ही तिची मूळ रीत. दोघे जण जातात, बसतात, चहा घेतात, शाळेच्या फीबद्दल किंवा औषधाबद्दल बोलतात. कोणाकडे गेले होते हे सभेत सांगत नाहीत.

पवित्र सप्ताहाविषयी थोडक्यात. रविवारी झावळ्या. गुरुवारी पाय धुण्याचा विधी : येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, म्हणून धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. हे बारा जण पूर्वी पुरुषच असत. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली नियम बदलला आणि स्त्रियांनाही बसता येऊ लागले. आमच्याकडे स्त्रिया लाजून तयारच होईनात. मोठ्या मिनतवारीने चौघी बसल्या, आणि त्यांतल्या एकीने घरून पाय स्वच्छ घासून आणले होते, टाचांच्या भेगांत मेण भरून. गुरुवारच्या मिस्सेपासून घंटा मुक्या होतात. लाकडी खटखटे वाजवतात. शुक्रवारी मिस्सा नाही. दुःखसहनाचे वाचन, जगासाठी प्रार्थना, क्रुसाला वंदन. नंतर मंगळूरकडच्या बाया मोठ्या पातेल्यात पेज करतात आणि ती लोणच्याबरोबर उभ्यानेच पितात. २०२० साली यातले काहीच झाले नाही. टाळेबंदी होती, ईस्टर १२ एप्रिलला आला आणि गेला, आणि आम्ही मोबाइलच्या पडद्यावर मिस्सा पाहिली. त्या वर्षी व्हिन्सेंटवाल्यांकडे एक गोष्ट मात्र तयार होती : कोणत्या गल्लीत कोण राहते, कोणाचे काम बंद पडले असेल, कोणाकडे म्हातारी एकटी आहे, याची माहिती. ती दोन-तीन वर्षांच्या शुक्रवारच्या वाटेतून जमली होती. पास मिळालेल्या दोघांनी तीवरून शिधा पोचवला.

शनिवारी रात्रीचा विधी लांबलचक असतो. अंधारात नवा अग्नी, त्यावर पेटवलेली मोठी मेणबत्ती, तीवर कोरलेले चालू वर्षाचे आकडे, मग जगाच्या उत्पत्तीपासूनची वाचने. संपेपर्यंत मध्यरात्र होते आणि त्या वेळी माळवाडीकडे बस नसते. म्हणून फाटकाशी एक जण कागद घेऊन उभा राहतो : कोणाच्या गाडीत किती जागा, कोणाला कुठे सोडायचे. लष्करी गृहस्थांच्या गाडीत गेल्या खेपेस गवंड्याचे पाच जणांचे कुटुंब बसले, आणि ते स्वतः पुढच्या सीटवर पेजेचे रिकामे पातेले मांडीवर घेऊन.