मृगाची पेर, पंचांगातले वाहन आणि जमिनीतली ओल

रोहिणी नक्षत्र सरत आले, की गावच्या पारावर एकच चर्चा सुरू होते. यंदा मृगाचे वाहन कोणते? दिनदर्शिकेत 'बेडूक' किंवा 'म्हैस' सापडली तर मंडळी खूश होतात. 'कोल्हा' निघाला तर कपाळावर आठ्या पडतात. याच सुमारास शेतकरी बांधव आमच्या विभागात चौकशीला येतात. वाण, खत, तणनाशक यांविषयी विचारून झाले, की निघता निघता एक प्रश्न हळूच येतो, "सर, पेर मृगात झालेली बरी, नाही का?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

मृग नक्षत्र आणि पाऊस

सूर्य ज्या नक्षत्रात असतो, ते त्या काळातील नक्षत्र मानले जाते. वर्षात अशी २७ नक्षत्रे येतात आणि प्रत्येक सरासरी साडेतेरा दिवस चालते. मृग साधारण ७ किंवा ८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला व पुनर्वसू ५-६ जुलैला लागते. छापील दिनदर्शिका घरोघरी नव्हती, तेव्हा हंगामाची कामे लक्षात ठेवण्याचे हे उत्तम साधन होते. यात अंधश्रद्धा काहीच नाही. मोसमी पाऊस केरळात सर्वसाधारणपणे १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोहोचतो. त्यामुळे मृग आणि पावसाची गाठ पडते हे निरीक्षणही खरे आहे.

मात्र 'सर्वसाधारणपणे' हा शब्द विसरून चालत नाही. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षी मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला, म्हणजे आर्द्रात पोहोचला. उलट २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच, रोहिणीत मुंबईत आला आणि नंतर जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळला. ऐन मृगात पेरणीची घाई करू नका, असे त्या वर्षी सांगावे लागले. २००९ च्या जूनमध्ये देशात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला होता.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. आपले पंचांग ताऱ्यांच्या स्थानावर चालते आणि ऋतू सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनावर. या दोहोंत दर ७२ वर्षांनी सुमारे एक दिवसाचा फरक पडतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळी मृग आजच्या हिशोबाने सुमारे पाच दिवस आधी लागत असे. पाऊस मात्र ऋतूप्रमाणे येतो, नक्षत्राप्रमाणे नाही.

ज्वारीचा नियम सोयाबीनला

मग मृगाच्या पेरीत काहीच तथ्य नाही का? आहे, आणि भरपूर आहे. खरीप ज्वारी उशिरा पेरली, की खोडमाशीचा प्रादुर्भाव वाढतो आणि पोंगे मरतात. मूग, उडदाची पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापलीकडे गेली, की उत्पादन घटते. हलक्या जमिनीत तर पेरणीचा प्रत्येक उशीर पीक दाणे भरण्याच्या वेळी ताणात ढकलतो. ज्या काळी मराठवाडा, विदर्भात खरिपाचे मुख्य पीक ज्वारी होते, त्या काळी 'मृग साधा' हा सल्ला अनुभवातून आलेला होता. शिवाय बियाणे घरचे असे. कणसे निवडून, दाणे राखेत घालून ठेवलेले. पेर फसलीच तर पायली-दोन पायली ज्वारी गेली, एवढेच.

आज त्याच रानात सोयाबीन आहे. हे पीक आपल्याकडे रुजून चार दशकेच झाली. त्याच्या बियाण्याचे आवरण पातळ आणि नाजूक असते. अर्धवट ओलीत पडले, की ते फुगते आणि पाऊस लांबला, की जमिनीतच कुजते. एकरी ३० किलो बियाणे, वर खत आणि पेरणीचे भाडे असा खर्च पहिल्याच दिवशी मातीत जातो. नियम ज्वारीचा, पीक सोयाबीनचे, आणि चूक झाली तर भुर्दंड कितीतरी पटींनी मोठा, अशी आजची स्थिती आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१४ साली मी कृषी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. मृगात एक सर पडली, माती वरची चार बोटे भिजली आणि वडिलांनी तीन एकरांत सोयाबीन पेरले. मी फोनवर सांगत होतो, "दादा, शंभर मिलिमीटर होऊ द्या." ते म्हणाले, "मृग चुकला असं आपल्या घरात कधी झालं नाही." त्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. जुलैत दुबार पेरणी करावी लागली. दुसऱ्या बियाण्याचे पैसे उसने आणले होते.

पुढे एकदा मी दादांना विचारले, ओल नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळत होते, मग पेरलेत का? ते म्हणाले, "मृगात पेरून बुडालो तर लोक म्हणतात, देवानं दिलं नाही. थांबून बुडालो असतो तर म्हणाले असते, पोराचं ऐकलं म्हणून बुडाला." या विषयावर मी पुष्कळ वाचले आहे, पण रूढी का टिकतात याचे याहून नेमके उत्तर मला मिळालेले नाही. रूढी पाळली, की अपयशाची जबाबदारी एकट्यावर येत नाही.

वाहन कसे ठरते?

नक्षत्राच्या वाहनाचा हिशोब पुष्कळांना ठाऊक नसतो. सूर्य नक्षत्रात प्रवेश करतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहतात. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येला ९ ने भागतात. बाकी १ उरली तर घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव आणि काही उरले नाही तर हत्ती. एवढाच तो भागाकार. यात समुद्राचे तापमान, वाऱ्याची दिशा, हवेचा दाब यांपैकी कशाचाही संबंध येत नाही. शिवाय वाहन सगळ्या महाराष्ट्राला एकच असते. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोन्हीकडे बेडूकच!

तरीही वाहन 'खरे ठरल्याचे' दाखले प्रत्येक गावात मिळतात. खरे ठरलेले वर्ष लक्षात राहते, चुकलेले विसरले जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये कबुतरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने आपोआप दाणे मिळत, ती काहीही करोत. थोड्याच दिवसांत एक कबुतर गोल फिरू लागले, दुसरे मान झुलवू लागले. दाणे पडताना जी हालचाल योगायोगाने घडली, तिच्यामुळेच दाणे मिळतात असा जणू त्यांचा समज झाला. आपल्याला हसू येते खरे, पण 'अमुक पाटीतून बी पेरले की पीक येते' असे म्हणणारे आपल्यातही असतात.

समज कोठे वाढतात, याचेही एक निरीक्षण आहे. मॅलिनोव्स्की हे मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रॉब्रियंड बेटांवर राहिले. तेथील कोळी शांत खाडीत मासेमारी करताना मंत्रतंत्र करत नसत, कारण तेथे मासा हमखास मिळे. खुल्या समुद्रात जाताना मात्र सगळे विधी कटाक्षाने होत. आपल्याकडे पाहा. ठिबकवरच्या केळीची लागवड करणारा बागायतदार वाहन विचारत नाही. विचारतो तो कोरडवाहू शेतकरी. त्याला अडाणी म्हणून हिणवणे सोपे आहे, पण त्याच्या शेतापर्यंत कालव्याचे पाणी आलेले नाही हे आधी पाहावे.

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी प्रसिद्ध आहे. अक्षय तृतीयेला शेतात १८ प्रकारची धान्ये गोलाकार मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे व त्यांवर पाण्याची घागर ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते दाणे हलले, कोणते ढेकूळ किती भिजले यावरून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. ते ऐकायला दुरून शेतकरी येतात. रात्रीतून दाणे हलतात ते वारा, मुंग्या, किडे यांमुळे, पुढच्या ऑगस्टच्या पावसामुळे नव्हे. 'जून साधारण, जुलै बरा, पीक कुठे कमी कुठे जास्त' असे भाकीत कोणत्या ना कोणत्या तालुक्यात खरे ठरणारच. यात्रा म्हणून जरूर जावे, चार गावच्या लोकांशी बोलावे. कपाशी लावायची की तूर, हे मात्र तेथे ठरवू नये.

सगळ्या रूढी एका मापाने मोजू नयेत

पोळ्याला, बेंदराला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, ही रीत चांगलीच आहे. लातूर, धाराशिवकडे वेळ अमावस्येला सारे घर रानात जाते, आंबील-भज्जी होते आणि उभ्या ज्वारीतून सगळ्यांची फेरी होते. त्या फेरीत मावा, चिकटा दिसला तर तोही पाहून घ्यावा.

नागपंचमीला जमीन नांगरू नये यामागे शास्त्र असल्याचे हल्ली हिरिरीने सांगितले जाते. श्रावणात रानात पीक उभे असते, नांगर तसाही बंदच असतो. प्रत्येक रूढीला मागाहून शास्त्र चिकटवण्याचा हा छंद मला रूढीइतकाच निरुपयोगी वाटतो.

मासिक पाळीत बाईने पानमळ्यात किंवा मिरचीच्या वाफ्यात पाऊल टाकू नये, हा समज मात्र सरळ सोडून द्यावा. पाळीचा आणि वेलावरच्या मर रोगाचा काही संबंध नाही. मर येते ती जमिनीतील बुरशीमुळे, आणि ती पुरुषाच्या पायाला लागलेल्या चिखलातूनही पसरते.

घट बसवा, पण मेच्या अखेरीस

नवरात्रात घरोघरी घट बसतो. शेतातील माती, त्यात पाच-सात धान्ये, रोज थोडे पाणी आणि दसऱ्याला वीतभर तुरे टोपीत. ही प्रथा कशासाठी सुरू झाली हा भाग वेगळा, पण त्यात घडते ती उगवणच. आपल्या माता-भगिनींना हे काम वर्षानुवर्षे सवयीचे आहे. तेच खरिपापूर्वी सोयाबीनच्या बियाण्यासाठी करावे. २०१९ मध्ये काढणीच्या वेळी पावसात भिजलेले सोयाबीन बियाणे म्हणून वापरले गेले आणि २०२० च्या खरिपात उगवण न झाल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, हे अनेकांना आठवत असेल.

पोत्यातून हाती लागतील तसे १०० दाणे घ्यावेत, चांगले निवडून घेऊ नयेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत ठेवून दुसरे ओले गोणपाट वर अंथरावे. गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि रोज पाणी शिंपडावे. अशा तीन गुंडाळ्या कराव्यात. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजावेत. सरासरी ७० किंवा अधिक दाणे उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरेसे आहे. ६५ उगवले तर एकरी सुमारे साडेबत्तीस किलो घ्यावे. ६० च्या खाली असेल तर ते बियाणे पेरू नये.

पेरणी ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर, वापशावर आणि ३ ते ५ सें.मी. खोलीवर करावी. पाऊस मोजण्यासाठी जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद विचारावी आणि शिवाय आपल्या शेतात खुरप्याने वीतभर खोल उकरून पाहावे. मातीचा मुठीत गोळा होतो आणि खाली टाकला की फुटतो, तेव्हा वापसा आला असे समजावे. सोयाबीनला १५ जुलैपर्यंत वेळ आहे, म्हणजे आर्द्रा पूर्ण आणि पुनर्वसूचे पहिले आठ-दहा दिवस हातात असतात.