सुई एकीकडे, रेघा दुसरीकडे

अमेरिकेतल्या आमच्या रुग्णालयाने यंदा क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजीची फेलोशिप गुंडाळली. तिच्या जागा एपिलेप्सी आणि न्यूरोमस्क्युलर या दोहोंत वाटून टाकल्या. कळवणाऱ्या ईमेलमध्ये ‘काळाची गरज’ होतीच.

हान्स बर्गरने १९२४ साली येना इथे माणसाच्या मेंदूचे विद्युत्-तरंग पहिल्यांदा टिपले, तिथपासूनचा इतिहास पुस्तकांत आहे. मला बोलायचंय ते नव्वदच्या दशकाबद्दल. १९९२ साली अमेरिकेत या विषयाची पहिली बोर्ड परीक्षा झाली आणि आमच्या वर्षभराच्या शिक्षणाला प्रतिष्ठा आली. “वर्षभर नुसत्या रेघा बघणार?” असं हिणवणारे एक ज्येष्ठ पुढे स्वतःच्या अवघड रुग्णांचे ईईजी घेऊन आमच्याच दारात उभे राहायचे.

सकाळी ईईजी म्हणजे मेंदूच्या रेघा, दुपारी ईएमजी म्हणजे स्नायूंची सुईने तपासणी. कागद सेकंदाला ३० मिलिमीटर सरकायचा. अर्ध्या तासाचा गठ्ठा १८० पानांचा. टोकदार लाट एकाच इलेक्ट्रोडवर दिसली आणि शेजारी तिचा मागमूस नसला, की टेक्निशियनबाई आधी उठून तो इलेक्ट्रोड दाबून बघायच्या. कित्येकांची ‘फिट’ तिथेच बरी व्हायची! दुपारी स्नायूत सुई घालायची आणि स्पीकरकडे कान लावायचा. मज्जातंतूशी संबंध तुटलेल्या स्नायूतली फिब्रिलेशन्स पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तशी वाजतात. तो आवाज ओळखता येण्यासाठी सुई स्वतःच्या हातात असावी लागते.

मग २००८ साली न्यूरोमस्क्युलरची आणि २०१३ साली एपिलेप्सीची वेगळी परीक्षा निघाली. त्याच २०१३ साली मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने ईएमजीसोबत होणाऱ्या नर्व्ह कंडक्शन तपासणीच्या दरांना मोठी कात्री लावली. ज्ञान वाढलं म्हणून विषय फुटला, असं आम्हाला सांगतात. हिशेबाच्या वह्यांचं नाव कोणी काढत नाही.

आज एपिलेप्सीवाला सुईला हात लावत नाही, सुईवाला आयसीयूतला ईईजी पुढे सरकवतो. मोठ्या शहरात हे खपून जातं. पण आयोवातल्या छोट्या गावात काय किंवा मराठवाड्यात काय, एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे हात बधिर झालेला आणि फिट आलेला असे दोघेही एकाच सकाळी येतात.

एका वर्षात दोन्ही नीट शिकून होत नाही, हा मुद्दा मला मान्य आहे. मग वर्षं दोन करायची होती. पण विषय निम्मा करायला पैसे पडत नाहीत, फेलोला दुसऱ्या वर्षीही पगार द्यावा लागतो.