मुंबईचा सिंफनी वाद्यवृंद : इतिहास आणि कार्य

'ऑर्केस्ट्रा' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर गणेशोत्सवाचा मंडप उभा राहतो. दोन गायक, एक गायिका, ढोलकी, की-बोर्ड आणि चित्रपटातील गाणी! परंतु पाश्चात्त्य संगीतात 'सिंफनी ऑर्केस्ट्रा' म्हणजे अगदी निराळी गोष्ट. ती एक मोठी आणि खर्चिक संस्था असते. अशी संस्था मुंबईत रुजविण्याचे प्रयत्न गेली नव्वद वर्षे चालू आहेत. त्या प्रयत्नांचा परिचय करून देणे आणि ते वारंवार अपुरे का पडले याचा विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम सिंफनी वाद्यवृंदाची रचना पाहू. त्यात साधारणपणे सत्तर ते शंभर वादक असतात. त्यांचे चार गट पडतात. पहिला तंतुवाद्यांचा : व्हायोलिन, त्याहून किंचित मोठे व्हायोला, चेलो आणि डबल बास. दुसरा लाकडी सुषिर वाद्यांचा : बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. तिसरा पितळी वाद्यांचा : हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. चौथा तालवाद्यांचा. कार्यक्रमापूर्वी ओबोवादक एक स्वर देतो आणि सारे त्याच्याशी आपापली वाद्ये जुळवून घेतात. समोर उभा असलेला संचालक स्वतः एकही स्वर वाजवीत नाही. पण लय, जोर आणि भाव यांचा मेळ त्याच्याच हाती असतो.

आपल्या रागसंगीतात कलावंत आयत्या वेळी रागाचा विस्तार करतो. सिंफनीत प्रत्येकाचा स्वर आधीच लिहिलेला असतो. एकाच वेळी अनेक स्वरपंक्ती वेगवेगळ्या वाटांनी चालतात आणि त्यांच्या संयोगातून 'हार्मनी' म्हणजे स्वरमेळ निर्माण होतो. म्हणून येथे वादकाला स्वरलिपी अक्षरासारखी वाचता यावी लागते. ही साक्षरता नसेल तर कितीही कसबी वादक जमविले तरी सिंफनी वाजू शकत नाही.

ही साक्षरता आपल्या बाजूला प्रथम गोमंतकात आली. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून लहान मुलांना स्वरलिपीचे वाचन आणि व्हायोलिनवादन शिकविले जाई. शिक्षण होते, पण गोव्यात त्यावर पोट भरण्याची सोय फारशी नव्हती. साहजिकच हे वादक मुंबईला आले. हॉटेले, नृत्यगृहे आणि पुढे चित्रपटांचे स्टुडिओ येथे त्यांना काम मिळू लागले.

१९३४ साली प्राग येथून वॉल्टर कॉफमन हे ज्यू संगीतकार मुंबईत आले. त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' स्थापन केली. पुढे त्यांनी आकाशवाणीवर काम केले. पहाटे आकाशवाणी सुरू होताना वाजणारी सुपरिचित धून त्यांचीच समजली जाते. मेहली मेहता हे पारशी व्हायोलिनवादक त्यांचे सहकारी. मेहतांनी १९३५ मध्ये 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. त्यांचे चिरंजीव झुबिन यांचा जन्म पुढच्याच वर्षीचा. घरातील तालमी ऐकतच ते वाढले.

मेहतांची निष्ठा मोठी होती, पण वाद्यवृंदाला कायमचा पगारी आधार नव्हता. वादक अन्यत्र नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात सिंफनी वाजवीत. १९५४ मध्ये झुबिन शिक्षणासाठी व्हिएन्नाला गेले. १९५५ मध्ये मेहलीही देश सोडून मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात दाखल झाले. पुढे अमेरिकेत त्यांनी १९६४ साली तरुणांचा एक वाद्यवृंद घडविला. ज्यांनी मुंबईत घडवायचे, त्यांना लॉस एंजेलिसमध्ये घडवावे लागले!

दुसरा प्रयत्न अँथनी गोन्साल्विस यांचा. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे हे नाव सर्वांच्या ओठांवर आले. पण ते ज्यांचे नाव, ते गृहस्थ गोव्यातील माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक होते. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. गुरूचे नाव त्यांनी गाण्यात गुंफले. १९५८ मध्ये गोन्साल्विसांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' स्थापन केला. रागांवर आधारलेल्या रचना सिंफनीच्या घाटात बसविणे ही त्यांची कल्पना. त्या कार्यक्रमात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचे स्वर होते. परंतु हाही प्रयत्न टिकला नाही. १९६५ च्या सुमारास तेही अमेरिकेला गेले.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. याच काळात मुंबईत खरोखरचा मोठा वाद्यवृंद रोज वाजत होता, तो चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहात. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोमंतकीय संयोजक वाद्यमेळ लिहीत आणि दहा-वीस व्हायोलिने एकदम वाजत. आपण ज्याला 'जुनी गाणी' म्हणतो, त्यांच्या मागे हे स्वरसाक्षर हात आहेत. पुढे इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड आले. एका यंत्रातून अनेक व्हायोलिनांचा आवाज निघू लागला आणि वादकांची रोजी आटली. रोजी आटली तशी मुलांना व्हायोलिन शिकविण्याची हौसही ओसरली.

आजचा 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र म्हणजेच एन.सी.पी.ए. ही संस्था १९६९ साली जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने निघाली. तिचे अध्यक्ष खुश्रू सनतूक यांनी कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या साहाय्याने २००६ मध्ये हा वाद्यवृंद सुरू केला. २०१५ मध्ये त्याने झाकीर हुसेन यांची तबला आणि वाद्यवृंद यांसाठीची 'पेशकार' ही रचना प्रथम सादर केली. २०१९ मध्ये इंग्लंडचा दौरा केला. २०२३ मध्ये खुद्द झुबिन मेहतांनी त्याचे संचालन केले.

परंतु या वाद्यवृंदात पहिल्यापासून परदेशी वादकांची संख्या मोठी आणि भारतीयांची थोडी आहे. यावर टीका होते. ती खोटी नाही, पण केवळ टीका करून भागणार नाही. सत्तर वादक एका दिवसात मिळत नाहीत. त्यांना सातव्या-आठव्या वर्षापासून घडवावे लागते. हे ओळखून संस्थेने मुलांसाठी संगीतशाळा काढली आहे. माझ्या मते तिचे मूल्यमापन परदेश दौऱ्यांवरून न करता या शाळेवरून करावे.

येथे स्वीडनचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील नॉरशोपिंग, येव्ले आणि हेल्सिंगबोर्य या तीन प्रांतिक शहरांचे सिंफनी वाद्यवृंद १९१२ साली निघाले आणि आजही चालू आहेत. येव्ले नगरपालिका क्षेत्राची वस्ती लाखभर, म्हणजे आपल्या नंदुरबार शहराएवढीच! तेथील लोक आपल्यापेक्षा जन्मतः अधिक संगीतप्रेमी आहेत असे नाही. तेथे वादकाला नियमित वेतन आहे, त्याचा मोठा भार शासन व स्थानिक संस्था उचलतात आणि मुलांना वाद्य शिकण्यासाठी गावोगावी संगीतशाळा आहेत.

कोणी म्हणेल, ही परक्या संगीताची उठाठेव आपल्याला कशाला? पण आपल्या खानदेशात लग्नाच्या वरातीपुढे वाजणारा बँड पाहा. त्यातील क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि मोठा ड्रम हे त्याच कुळातले. एकदा ऐकलेले गाणे आमचा बँडवाला तासाभरात कर्ण्यातून काढून दाखवितो. हे कसब लहान नाही. पण त्याला स्वरलिपी शिकविणारी शाळा नाही आणि लग्नसराई संपली की कामही नाही. वाद्य तेच, माणूस तसाच. अंतर आहे ते व्यवस्थेचे.

तात्पर्य, वाद्यवृंद तीन पायांवर उभा असतो : शिक्षण, वेतन आणि श्रोता. गोव्यात पहिला होता, चित्रपटसृष्टीत दुसरा होता, मेहता-गोन्साल्विसांना थोडाफार तिसरा लाभला. तिन्ही एका ठिकाणी फार काळ एकत्र आले नाहीत. आपल्याकडे कलावंताच्या प्रतिभेचे कौतुक पुष्कळ होते, पण ती प्रतिभा टिकविणाऱ्या संस्था उभारण्याचे कंटाळवाणे काम मागे पडते. मुंबईच्या वाद्यवृंदाची कथा हेच सांगते, आणि ही गोष्ट केवळ संगीतापुरतीच खरी आहे असे नाही.