एकमेव सत्याचा दावा आणि मराठी ख्रिस्ती माणूस

१८३९ साली कलकत्त्याला ‘मतपरीक्षा’ नावाचे एक संस्कृत पुस्तक छापले गेले. लेखक होता जॉन म्यूर, ईस्ट इंडिया कंपनीचा स्कॉटिश अधिकारी. गुरु-शिष्यांच्या संवादातून त्याने मांडले, की खरा धर्म कोणता हे बुद्धीने पारखता येते आणि त्या कसोटीला एकटा ख्रिस्ती धर्म उतरतो. पंडितांनी उत्तरे दिली, पण ती एका सुरातली नव्हती. ‘सोमनाथ’ या नावाने आलेल्या उत्तरात, ज्याला ईश्वराने जो धर्म दिला तो त्याच्यासाठी योग्यच, अशी समंजस भूमिका होती. काशीतल्या तरुण नीलकंठशास्त्री गोऱ्हे या चित्पावन पंडिताला मात्र ती पुरेशी वाटली नाही. बुद्धी शास्त्राची न्यायाधीश होऊ शकत नाही, असे बजावून त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला आणि म्यूरला उलट प्रश्न विचारले. पूर्वजन्म मानायचा नाही, तर जन्मतःच आंधळ्या मुलाच्या वाट्याला आलेल्या दुःखाचा हिशेब कसा लावायचा?

हेच नीलकंठशास्त्री १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले.

ख्रिस्ती श्रद्धेतला सत्याचा दावा दोन पदरी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू सत्याविषयी नुसते सांगत नाही, तो स्वतःलाच सत्य म्हणवतो. म्हणजे इथे सत्य ही एक व्यक्ती आहे. तिच्यावर विश्वास टाकायचा, तिच्या मागे जायचे. पण इ. स. ३२५च्या निकिया परिषदेपासून चर्चने हे सत्य काटेकोर विधानांत बांधले आणि ती विधाने मानणारा तो आपला, न मानणारा तो पाखंडी, अशी रेघ ओढली. चर्चला काही शिकवण ठरवावीच लागते, हे समजण्यासारखे आहे. पण ती विधाने राजसत्तेच्या हाती गेली, की अनर्थ होतो. गोव्याने तो भोगला. इन्क्विझिशनचे न्यायालय तिथे १५६०मध्ये बसले आणि मधली काही वर्षे सोडता १८१२पर्यंत चालले. त्याच गोव्यात १६१६ साली, राशोलच्या छापखान्यात, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. नवख्रिस्ती श्रोते शंका विचारतात आणि पाद्री गुरू ओवीतून उत्तर देतात, अशी त्याची रचना. स्टीफन्सचा दावाही एकमेव सत्याचाच होता. फरक इतकाच की त्यांनी प्रश्नाला जागा ठेवली. हा फरक लहान नाही.

गोऱ्ह्यांच्या पुढच्या आयुष्यात शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. रात्रंदिवस तर्क चालवणाऱ्या या माणसाला निव्वळ बुद्धीच्या जोरावर निश्चिती मिळेना, म्हणून ते हळूहळू चर्चच्या परंपरेच्या आणि अधिकाराच्या आश्रयाला गेले. ऐन तारुण्यात त्यांनी म्यूरला जे ऐकवले होते, तेच पुढे ते प्रार्थनासमाजी आणि ब्राह्मो मंडळींना ऐकवत राहिले, की बुद्धी एकटी पुरत नाही. धर्म बदलला, विचाराचा कणा तोच राहिला. १८९५ साली ते वारले.

त्यांच्या युक्तिवादाचा पंडिता रमाबाईंवर खोल परिणाम झाला. पण रमाबाई त्यांच्या वाटेने गेल्या नाहीत, आणि मराठी ख्रिस्ती विचारातला सर्वांत मोलाचा अध्याय तिथेच सुरू होतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा आणि लेक मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. बाप्तिस्म्यानंतर या दोघींत जो पत्रव्यवहार झाला तो वाचताना आजही अंग शहारते. चर्च शिकवते ते नम्रपणे स्वीकारावे, असे जेराल्डीनबाईंचे म्हणणे. रमाबाई विचारतात, हे बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, बिशपांचा अधिकार, एकही मुद्दा त्यांनी तपासल्यावाचून गिळला नाही. भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने फेकले आहे, आता दुसरे तसलेच मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न होता. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी मुलग्यांना शिकवू नये असे भारतातल्या बिशपांनी सुचवले, तेव्हा त्यांनी तेही ऐकले नाही. धर्ममातेला यात अहंकार दिसला.

अहंकार नव्हे, हा खरा विश्वास होता. सत्य एकच आहे अशी रमाबाईंची खात्री होती, म्हणूनच त्याची खातरजमा दुसऱ्यावर सोपवायला त्या तयार नव्हत्या. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितले, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र कित्येक वर्षांनी भेटला. विधानांतले सत्य आणि व्यक्तीतले सत्य यांतले अंतर इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणी क्वचितच सांगितले असेल. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या, आणि ते छापून बाहेर पडले त्यानंतर.

रमाबाईंसारखीच स्वतःची वाट धरणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त यावेत अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांत टिळक वारले आणि तो प्रयोग खुंटला.

रोमच्या चर्चला असा मोकळेपणा मानायला वेळ लागला. मनुष्याने आपल्या बुद्धीला पटेल तो धर्म स्वीकारायला मोकळे असावे, हे मत पोप नववे पायस यांनी १८६४मध्ये चुकांच्या यादीत घातले होते. एकशे एक वर्षांनी, १९६५मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की धर्माच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होता कामा नये आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. पण ख्रिस्तच एकमेव तारणारा, हा दावा तिने सोडला नाही. तणाव तिथून पुढे आलाच. मुंबईत जन्मलेले, लोणावळ्याच्या साधना संस्थेतून जगभर पोचलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो १९८७ साली वारले. १९९८ साली व्हॅटिकनने त्यांच्या लेखनाविषयी सावधगिरीची सूचना काढली, कारण त्यात ख्रिस्त अनेक गुरूंपैकी एक होऊन जातो अशी तिची तक्रार होती. दोनच वर्षांनी ‘डोमिनुस येसुस’ या दस्तऐवजाने तारणाचे एकमेवत्व पुन्हा ठासून सांगितले.

एकमेव सत्य मानणे हा गुन्हा नाही. ज्याला सत्य सापडल्यासारखे वाटते त्याने ते सांगूच नये, ही अपेक्षा अन्यायाची आहे. गुन्हा घडतो तो ऐकणाऱ्याचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क काढून घेतल्यावर, मग तो गोव्यातल्या न्यायालयाने काढो की वाँटेजमधल्या प्रेमळ धर्ममातेने. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांची पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ख्रिस्ती असोत वा नसोत, मराठी वाचकांनी ती मिळवून वाचावीत.